कवच घेताना पावती वाचा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा जो जे सांगेल ते आम्ही करत होतो. अशातच मोबाईलवर जाहिरात दिसली: सिद्ध कवच, एकवीस दिवसांत हातापायांत बळ. मागवलं. मग त्यांचे फोन सुरू झाले, आणि आवाज इतका मायेचा की शंका यायला जागाच नाही. ‘दादा, साडेसाती आडवी येतेय, बाबांच्या नावानं सव्वा लाख जप करायला हवा.’ मी पैसे पाठवले. पुन्हा मागितले, पुन्हा पाठवले. अनुष्ठान संपेपर्यंत व्यायाम बंद ठेवा म्हणाले, तर आम्ही फिजिओथेरपीसुद्धा थांबवली!

शेवटी एका रात्री मी ते कवच फोडलं. आत छापील कागदाची सुरळी. मंत्राची शेवटची ओळ कापताना अर्धी गेलेली. बाबांचं नाव कुठेच नव्हतं.

मग पावत्या काढल्या. पहिल्या बिलावर ‘धातूची शोभेची वस्तू’, पुढच्या दोन्हींवर ‘स्वेच्छा देणगी’. गुण येईल हे सगळं फक्त तोंडी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मोबदला देऊन घेतलेल्या वस्तूला आणि सेवेला लागू होतो. देणगी लिहिलं की ‘हा आमचा ग्राहकच नाही’ म्हणायला ते मोकळे. ग्राहक आयोगाला तुमच्या श्रद्धेशी देणंघेणं नसतं, काय सांगून काय विकलं ते त्याला दाखवावं लागतं. म्हणून जाहिरात दिसताक्षणी स्क्रीनशॉट घ्या, फोनवरचं बोलणं मेसेजमध्ये लिहून मागा. मी घेतला नव्हता, आणि जाहिरात त्यांनी केव्हाच उतरवली होती.

खरं तर अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. औषधे आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा तावीज, मंत्र, कवच यांची नावंच घेतो, आणि अर्धांगवायू त्याच्या रोगांच्या यादीत आहे. दैवी शक्तीचा दावा करून टीव्हीवर यंत्रं विकणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलंय. मला हे सगळं पैसे गेल्यावर कळलं.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, पण आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर विचारा.

मी तक्रार लिहायला घेतलीय. नुकसानीत तिन्ही रकमा मांडल्या, आणि खाली बाबांच्या व्यायामाचे बुडालेले अकरा आठवडे.