मातीचा थर्मामीटर: दोन वसंत वापरून झाल्यावर

ही वस्तू मी स्वतःहून घेतलीच नसती, गिफ्ट आली होती. बघून पहिल्यांदा हसूच आलं, आता काय मातीला ताप आलाय का तेही बघायचं? पण दोन सीझन झाले आणि आता खुरप्यानंतर सगळ्यात जास्त हातात असते ती हीच, म्हणून लिहितोय.

साधी गोष्ट आहे. 12-13 सेंटीमीटरची स्टीलची काडी आणि वर घड्याळासारखी डायल. बॅटरी वगैरे काही नाही, आत दोन धातूंची गुंडाळी असते, तापलं की दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, गुंडाळीला पीळ बसतो आणि काटा फिरतो. घाई करायची नाही, खुपसून दोन-तीन मिनिटं थांबायचं. मी रोज सकाळी एकाच जागी, बियांसाठी 5 सेंमी आणि रोपं लावायची असतील तर 10 सेंमी खोल बघतो. दुपारी बघू नका, दुपारचा आकडा उगाच हुरळून टाकतो.

आता फायदा काय ते सांगतो. माझी सवय म्हणजे थंडी जरा ओसरली, दोन दिवस छान ऊन पडलं की घेवडा, काकडी, भोपळा सगळं एकदम पेरून मोकळं व्हायचं. मग निम्मं बी कुजायचं आणि मी बियांच्या पाकिटाला शिव्या द्यायचो. बी बिचारं चांगलंच होतं, माती 11 अंश होती! या तिघांना निदान 15-16 लागतात, भेंडीला तर 20 च्या पुढे गेल्याशिवाय मजा येत नाही. उलट मटार, पालक, मुळा 5 अंशालाही उगवतात, फक्त वेळ बघा किती लागतो: मटार 5 अंशाला साधारण 36 दिवस, 10 ला तेरा-चौदा आणि 20 ला सात-आठ. गाजर तर 5 ला पन्नास दिवस घेतं. हे कळल्यावर 'लवकर पेरलं म्हणजे लवकर मिळणार' हे डोक्यातून गेलंच माझ्या, कारण पंधरा दिवस उशिरा पेरलेला मटार आधीच्याला गाठतो आणि मधल्या काळात उंदरांनी उकरून खायचा धोकाही कमी.

पण खरी गंमत वेगळीच झाली. आकडा बघायला रोज सकाळी वाफ्याशी बसायला लागलो ना, तर नाहीतर कधी दिसलं नसतं ते दिसायला लागलं. एकाच दिवशी उंच वाफा 13 आणि कुंपणालगतचा जमिनीतला वाफा 9! पाणी तापायला खूप उष्णता लागते, त्यामुळे ओली माती थंडच राहते, उंच वाफ्यातलं पाणी निथळून जातं म्हणून तो आधी तापतो. पाल्याचं जाड आच्छादन ठेवलेलं तिथे तर काटा हलायलाच तयार नव्हता. म्हणून पाला बाजूला करायला गेलो तर खाली लेडीबगचा अख्खा घोळका चिकटून बसलेला, आणि शेजारी गेल्या वर्षी काढताना राहिलेल्या बटाट्याला जांभळे कोंब! पाला परत पांघरला अर्धा, रोपांवरची मावा कीड खाणारी फौज कोण हाकलेल. उरलेला अर्धा भाग उघडा ठेवला तर चार दिवसांत 3 अंश वर. आणि न पेरता आपोआप आलेली टोमॅटोची रोपं, ती दोन्ही वर्षी माती 15-16 ला आल्यावरच उगवली. त्यांना थर्मामीटर कोणी दिला होता देव जाणे.

आता तक्रारी. डायलच्या काचेत आतून वाफ धरते, पावसात बाहेर राहिला की दोन दिवस आकडा दिसत नाही. दगडाळ मातीत जोर लावला तर काडी वाकते, आधी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून घ्या. कंपोस्टला हा कामाचा नाही, ढिगाच्या पोटात 55-65 अंश असतात आणि तिथपर्यंत पोचायला हातभर लांब काडीवाला वेगळा लागतो. आणि वाफसा आलाय का, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती खणण्याजोगी झालीय का, हे हा सांगत नाही! आकडा 16 दाखवला म्हणून मी एकदा चिखलातच कुदळ घातली, त्याची ढेकळं उन्हाळाभर फोडत बसलो. ते मूठभर माती वळूनच बघायचं, गोळा बोटाने दाबल्यावर फुटला तर ठीक.

घेणार असाल तर डायलखाली फिरवायचा नट आहे का ते बघा. बर्फाच्या पाण्यात काडी बुडवायची, 0 यायला पाहिजे, नाही आला तर पान्याने काटा जागेवर आणायचा. माझा नवाकोरा 2 अंश जास्त दाखवत होता. ओलावा, आंबटपणा, ऊन सगळं एकत्र दाखवणारी ती तीन कामांची काडी मिळते ती मात्र नको, माझ्याकडचीचा ओलाव्याचा काटा कुठेही खुपसला तरी मधेच उभा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण हिरव्या रंगाचा आहे, गवतात दोनदा हरवला, तिसऱ्यांदा पायाखाली सापडला. लाल मिळाला तर लाल घ्या.