एफआरपी टाकी आणि कार्बन पॅनेल: अकूस्टिक एमिशन की अल्ट्रासॉनिक?

एफआरपी (तंतू घालून मजबूत केलेलं प्लास्टिक) टाकीत किंवा कार्बन पॅनेलमध्ये दोष केवढा आहे हे जाणून घ्यायचंय, की लोड आल्यावर तो वाढतोय का हे? चाचणी निवडण्याआधी एवढं ठरवा. पहिल्या प्रश्नाला अल्ट्रासॉनिक, दुसऱ्याला अकूस्टिक एमिशन (एई), म्हणजे दोष वाढताना सुटणारा आवाज ऐकणं.

अल्ट्रासॉनिकमध्ये आपणच लहर पाठवतो आणि प्रतिध्वनी वाचतो. पार्टवर लोड लागत नाही. सी-स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोब पृष्ठभागावर फिरवून काढलेल्या नकाशात, थर कुठे आणि किती क्षेत्रात सुटलेत ते दिसतं, खोलीही काढता येते. कार्बन पॅनेलवर पाना पडला, वरून जेमतेम खळगा दिसतोय, अशा वेळी सरळ सी-स्कॅन करा. आघात होऊन गेला, त्याचा आवाजही गेला. एईला तिथे ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. अडचण एकच: प्रोब फिरेल तेवढंच कळतं. मोठ्या टाकीवर हे फार वेळखाऊ, आणि हाताने थर चढवलेल्या जाड एफआरपीत लहर विखुरते.

एई स्वतः काहीच पाठवत नाही. तंतू तुटताना, त्यांना बांधून ठेवणारं रेझिन तडकताना सुटणारी ऊर्जा सेन्सर टिपतात, बहुतेकदा 150 किलोहर्ट्झच्या आसपास. टाकी भरत असताना ती सगळी एकदम ऐकता येते. मात्र पाऊस, पंप, पाइपचं घासणंही त्यात मिसळतं.

एईचं खरं बळ कैसर परिणामात आहे. योझेफ कैसर यांनी 1950 च्या प्रबंधात दाखवलं की धातूवर पूर्वी आलेला कमाल लोड ओलांडेपर्यंत तो जवळजवळ गप्प राहतो. खराब झालेलं कंपोझिट (एफआरपी, कार्बन पॅनेल यांसारखं तंतू आणि रेझिनचं साहित्य) हा नियम मोडतं. आधी 100 किलोन्यूटन सोसलेला नमुना 85 लाच बोलू लागला, तर फेलिसिटी गुणोत्तर, म्हणजे आवाज सुरू झाला तो लोड भागिले आधीचा कमाल लोड, 0.85. हा आकडा 1 च्या जितका खाली, तितकी काळजी जास्त. मला एईचा हा सगळ्यात मोलाचा निकाल वाटतो. दोषाची लांबी-रुंदी मात्र त्यातून मिळत नाही.

एईने दोषाची जागा शोधताना सावध राहा; ती आवाज वेगवेगळ्या सेन्सरपर्यंत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून काढतात. पातळ प्लेटमध्ये एकाच घटनेच्या दोन लहरी निघतात: ताणाची लहर, ॲल्युमिनियममध्ये सेकंदाला सुमारे 5.4 किलोमीटर, आणि वाकण्याची, तिच्याहून हळू व वारंवारतेनुसार वेग बदलणारी. जवळच्या सेन्सरने पहिली आणि दूरच्याने दुसरी पकडली, की हिशेब चुकतो. कार्बन कंपोझिटमध्ये तंतूंच्या दिशेने वेग आणखी वेगळा. म्हणून पेन्सिलचं शिसं प्लेटवर मोडून, म्हणजे मुद्दाम आवाज करून, प्रत्येक दिशेचा वेग आधी मोजायलाच हवा. हे न करता दिलेला जागेचा नकाशा मी स्वीकारणार नाही.

टाकीसाठी माझा कौल आधी एई, मग एईने दाखवलेल्या भागावरच अल्ट्रासॉनिक. सुट्या पॅनेलसाठी आणि ज्याचा तडा आधीच माहीत आहे अशा धातूच्या प्लेटसाठी अल्ट्रासॉनिक पुरे.

एईचं कोटेशन घेताना लोडचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर थांबायचा वेळ लिहून घ्या. लोड स्थिर असतानाही आवाज येतच राहिले तर पुढचा टप्पा द्यायचा नाही, ही अटही त्यातच असू द्या.