कुत्र्याची मर्मर, मांजराची मर्मर: एक्स-रे, रक्तचाचणी की टूडी इको?

लसीकरणाला नेलेलं जनावर टेबलावर उभं असतं. डॉक्टर स्टेथोस्कोप एका जागी जरा जास्तच वेळ धरतात आणि म्हणतात, "मर्मर ऐकू येतेय. पुढच्या तपासण्या करून घ्या." मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या मधे ऐकू येणारा जादा आवाज. आमच्या घरी हे वाक्य दोनदा झालं. पहिल्यांदा गुंड्यासाठी. अकरा वर्षांचा पांढरा स्पिट्झ, सगळी सोसायटी त्याला पामेरियन म्हणायची. दुसऱ्यांदा दीड वर्षाने चिमीसाठी, पार्किंगमधून उचलून आणलेली करडी देशी मांजर. दोन्ही वेळा शब्द तोच, त्यामुळे मी चिमीला गुंड्याचंच गणित लावलं आणि चांगलीच फसले.

तेव्हा "एक्स-रे पुरेल का इकोच (म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) करू?" असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, भुंकतंय की म्यांव करतंय?

आत काय बिघडतं

लहान चणीच्या कुत्र्यांचं वय झालं की हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड, गाठाळ होते आणि नीट मिटेनाशी होते. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे वरच्या कप्प्यात उसळतं. इथे मर्मर म्हणजे त्या उलट्या झोताचा आवाज. कुत्र्यांच्या हृदयविकारांपैकी सुमारे ७५ टक्के हा एकच विकार असतो. परत येणाऱ्या रक्ताला जागा करून देता देता हृदय ताणलं जातं, बाहेरच्या अंगाने फुगतं.

मांजरांमधला नेहमीचा विकार वेगळा: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे एचसीएम. यात हृदयाची भिंतच जाड होते, आणि तीही आतल्या बाजूला. तांब्याला आतून थरावर थर चढवत गेलं तर बाहेरून तो तेवढाच दिसेल, पाणी मात्र कमी मावेल. तसंच हे. आता एक्स-रे म्हणजे बाहेरच्या आकाराची सावली. फुगलेलं हृदय सावलीत दिसतं, आतून भरत गेलेलं दिसत नाही. सगळा फरक इथेच आहे, आणि तो मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

मर्मरचं वजनही दोघांत सारखं नाही. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात डाव्या बाजूला मर्मर ऐकू आली तर झडपच गळतेय हे जवळपास धरून चालायचं. मांजराच्या बाबतीत ब्रिटनमधल्या २०१५च्या एका अभ्यासात, आश्रयगृहांतल्या वरवर ठणठणीत अशा ७८० मांजरांपैकी ४०.८ टक्क्यांच्या छातीत मर्मर ऐकू आली. एचसीएम निघाला १४.७ टक्क्यांत. म्हणजे मर्मर असलेली पुष्कळ मांजरं निरोगी. आणि उलटंही तितकंच खरं: मर्मर नाही म्हणून हृदय ठीक आहे असं नाही.

कुत्रा असेल तर एक्स-रेला कमी लेखू नका

गुंड्याचा एक्स-रे मला अजून आठवतो. डॉक्टरांनी फिल्म लाइटबॉक्सवर लावली, कागदाची एक पट्टी फाडली, हृदयाच्या लांबीवर ठेवून पेन्सिलने खूण केली. मग आडवी रुंदी. मग तीच पट्टी पाठीच्या कण्यावर, छातीच्या चौथ्या मणक्यापासून पुढे धरली आणि मणके मोजले. दोन्ही मापांची बेरीज आली ११.९. बस, एवढंच. ही पद्धत १९९५मध्ये ब्यूकॅनन आणि ब्यूखेलर यांनी मांडली. कुत्र्याचं हृदय त्याच्याच मणक्यांनी मोजायचं, म्हणजे जनावर लहान-मोठं असलं तरी माप चालतं. निरोगी कुत्र्यांची सरासरी त्यांना ९.७ मणके मिळाली होती.

हा आकडा कशाला हवा? कारण औषध सुरू करायचं की नाही हे त्यावर ठरतं. २०१६मध्ये 'एपिक' नावाच्या चाचणीचे निकाल आले. ११ देशांतली ३६० कुत्री. सगळ्यांना मर्मर, सगळ्यांचं हृदय मोठं झालेलं, पण धाप-खोकला असं काही नाही. काहींना पिमोबेंडान ही हृदयाला जोर देणारी गोळी दिली, काहींना नुसती साखरेची गोळी म्हणा. औषध न मिळालेल्या गटातल्या निम्म्या कुत्र्यांचं हृदय ७६६ दिवसांत हरलं. पिमोबेंडानवाल्या गटाला तिथे पोचायला १२२८ दिवस लागले. सुमारे पंधरा महिने जास्त, आणि तेही बऱ्या तब्येतीचे. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने किती होतात हे पाळणाऱ्याला सांगायला नको.

पण यातली अट नीट वाचा: हृदय मोठं झालेलं असलं तर. नुसती मर्मर आहे, हृदय मात्र नेहमीएवढंच आहे, अशा कुत्र्याला ही गोळी देऊन फायदा होतो असं या चाचणीने दाखवलेलं नाही. "मर्मर आहे ना, मग सुरू करून टाका" हा सल्ला मिळाला तर मापं मागा.

पशुवैद्यकीय हृदयतज्ज्ञांनी २०१९मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ही गोळी सुरू करायला इको हाच खरा निकष आहे. सोबत मर्मर सहापैकी किमान तिसऱ्या पायरीची आणि एक्स-रेवरचं माप १०.५च्या वर. पण इकोची सोय नसेल तर एक्स-रेवर माप ११.५ किंवा जास्त असणं हा पुरेसा पुरावा मानायची मुभा त्यांनीच दिली आहे. गुंड्या ११.९वर होता. इको न करता त्याची गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी.

एक्स-रेचा दुसरा फायदा इको देऊच शकत नाही. म्हातारा स्पिट्झ खोकतो तो हृदयामुळेच असं नाही. या जातींची श्वासनळीही ढिली पडून चपटी होते, आणि तो हंसासारखा 'हाँक हाँक' खोकला बऱ्याचदा तिचा असतो. फुप्फुसात पाणी आहे का, नळी दबलीय का, हे एक्स-रेच सांगतो.

मग कुत्र्याला इको कधी? माप १०.५ ते ११.५च्या मधे लटकत असेल तेव्हा. आणि जात मोठी असेल तेव्हा सरळच. डोबरमनचा विकार झडपेचा नसतो, स्नायू पातळ आणि दुबळा होण्याचा असतो. त्यात मर्मर नसेलही, आणि इकोबरोबर चोवीस तासांचं होल्टरही (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) लागतं.

मांजर असेल तर

चिमीच्या वेळी मी शहाणपणा केला. इको महाग, शिवाय त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तेही रिक्षात पिंजऱ्यातून रडणारं मांजर घेऊन. म्हटलं, गुंड्याला एक्स-रेवर भागलं होतं, हिलाही भागेल. एक्स-रे काढला, हृदय 'नॉर्मल'. मी निर्धास्त.

चार महिन्यांनी तिच्या मानेला खाज सुटली. दुसऱ्या दवाखान्यात दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. दोष त्यांना देत नाही, हृदयाबद्दल मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं आहे हे मलाच पटलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी चिमी पलंगाखाली कोपरं बाहेर काढून बसली होती आणि पोट भात्यासारखं चाललं होतं. मिनिटाला ५२ श्वास. खोकला अजिबात नाही; हृदय थकलेलं मांजर सहसा खोकत नाही, गप्प बसतं. एचसीएम लपलेला असताना स्टेरॉइड किंवा जास्तीचं सलाईन दिलं की असं होऊ शकतं, हे मला ऑक्सिजनच्या पेटीसमोर उभं राहून कळलं.

ती सावरल्यावर इको झाला. खोली अंधारी, टेबलाला मधोमध खाच, चिमी तिच्याच टॉवेलात गुंडाळून कुशीवर, खालून छातीला प्रोब. कोपराजवळची रुपयाएवढी जागा भादरली, थंड जेल लावलं तेव्हा एकदा गुरगुरली, मग गप्प. भूल लागली नाही. पडद्यावर डॉक्टरांनी भिंतीवर दोन फुल्या टेकवल्या: ६.८ मिलिमीटर. हृदय सैल पडलेलं असताना ६ किंवा जास्त म्हणजे जाड, ५ ते ६ संशयाची जागा. मग त्यांनी बराच वेळ डाव्या वरच्या कप्प्याचं माप घेतलं आणि म्हणाले, मला भिंतीपेक्षा याची काळजी आहे.

कारण गुठळी. तो कप्पा ताणला गेला की रक्त आत रेंगाळतं, गोठतं, आणि सुटलेली गुठळी महारोहिणी जिथे मागच्या पायांकडे फाटते तिथे जाऊन अडकते. मांजर अचानक किंचाळतं, मागचे पाय ओढत चालतं, पंजे गार आणि निळसर पडतात. पुष्कळ घरांत हृदयविकाराची पहिली बातमी हीच असते. एकदा गुठळी होऊन वाचलेल्या ७५ मांजरांवर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची तुलना झाली, निकाल २०१५मध्ये आले: दुसरी गुठळी होईपर्यंतचा मध्यकाळ ॲस्पिरिनवर १९२ दिवस, क्लोपिडोग्रेलवर ४४३. चिमीला माणसांच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर रोज. चव इतकी कडू की नुसती दिली तर तोंडाला फेस येतो. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्यायची.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. मांजराच्या एचसीएमची वाढ थांबवणारं, पिमोबेंडानच्या तोडीचं पुराव्याचं औषध आपल्या हातात नाही. ठोके मंदावणारं ॲटेनोलॉल वर्षानुवर्षं दिलं गेलं, पण लक्षणं नसलेल्या मांजरांचं आयुष्य त्याने वाढलेलं दिसलं नाही. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, आठवड्यातून एकदा द्यायच्या सिरोलिमसच्या गोळीला सशर्त मंजुरी दिली आहे, लक्षणं नसलेल्या एचसीएमसाठी. शब्द 'सशर्त' आहे, म्हणजे गुणाचा पूर्ण पुरावा मिळण्याआधी दिलेली, हे विसरू नका. मग औषध नाही तर इकोवर पैसे का घालायचे, हा प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तर: कप्प्याच्या मापावर रक्त पातळ करणारी गोळी ठरते, आणि नसबंदीची भूल, सलाईन, स्टेरॉइड यांतलं काय द्यायचं हे ठरतं. चिमीला नेमकं यानेच गाठलं.

इकोत भिंत जाड निघाली तरी मांजर सात-आठ वर्षांच्या पुढचं असेल तर रक्तदाब आणि थायरॉइड तपासल्याशिवाय 'एचसीएम' हे नाव लावू नये. दोन्हींनी भिंत जाड होते, आणि दोन्हींवर इलाज आहे.

रक्तचाचणी

एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की हे रक्तात वाढतं. मांजरात १०० पिकोमोल प्रति लिटरच्या खाली आलं तर मोठा विकार असण्याची शक्यता कमी, वर आलं तर इको कराच, असा त्याचा सरळ उपयोग. इको शंभर किलोमीटरवर असेल किंवा मांजर अंगाला हात लावू देत नसेल तर मी आधी हीच करीन. मूत्रपिंड कमजोर असेल तर आकडा उगाच वाढतो. नमुना गार ठेवून पाठवला नाही तर उलट खोटा उतरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुरिअरच्या पिशवीत त्याचं काय होत असेल ते विचारूनच द्या. कुत्र्यात मी हिच्यावर पैसे घालणार नाही, तेवढ्यात एक्स-रे जास्त सांगतो.

जनुकीय चाचणी मेन कून आणि रॅगडॉल या विदेशी जातींसाठी आहे, देशी मांजराला तिचा उपयोग नाही. पण गंमत बघा: मेन कूनमध्ये २००५ साली सापडलेला दोष ज्या एमवायबीपीसी३ जनुकात आहे, त्याच जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा सुमारे ४ टक्के भारतीयांत गाळलेला असतो आणि त्याचा हृदयस्नायूच्या आजारांशी संबंध आहे, हे २००९मध्ये दाखवलं गेलं.

आणि दूध-भातावर वाढलेलं मांजर असेल तर तपासणीला जाताना तेही सांगा. टॉरिन नावाचं द्रव्य मांस-मासळीतून मिळतं, मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं तर हृदय सैल होऊन फुगतं, आणि टॉरिन दिल्यावर पुन्हा सुधारतं, हे कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या संशोधकांनी १९८७मध्ये दाखवलं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं आणि हा विकार विरळा झाला. शाकाहारी घरातलं मांजर त्या सुधारणेच्या बाहेरच राहतं.

फुकटची तपासणी

जनावर गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली होणं म्हणजे एक श्वास. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. कुत्रा असो वा मांजर, ३०च्या आत हवेत. वहीत लिहून ठेवा. रोजचे २० एकदम ३४ झाले, तासाभराने मोजूनही तेवढेच राहिले, तर सकाळची वाट बघू नका. गुंड्याचं फुप्फुसात पाणी साठणं खोकल्याच्या आधी मला या वहीने दाखवलं होतं.

इकोची वेळ घेताना विचारून घ्या की करणाऱ्यांना मांजराचा सराव आहे का, भिंतीची आणि डाव्या कप्प्याची मापं लेखी मिळतील का, भूल देणार का. "हृदय थोडं मोठं वाटतंय" एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका. आणि निघायच्या आधी फाइलच्या पुठ्ठ्यावर, आत नव्हे, लाल पेनाने लिहा: हृदयविकार आहे, स्टेरॉइड आणि सलाईन देण्याआधी विचारा. चिमीच्या फाइलवर ते आता दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे.