अनंत: कुंडीत लावावा की जमिनीत?

कोकणात हा प्रश्न फारसा पडत नाही. जांभ्याची तांबडी माती मुळातच आम्लधर्मी. अंगणात शेणखत घालून अनंत लावला की झुडूप माणसाच्या डोक्यावर जातं आणि पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतं.

देशावर मात्र मी कुंडीच सुचवेन. अनंताला मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे त्याचं माप; ७च्या खाली आम्लधर्मी) ५ ते ६च्या आसपास हवा आणि काळ्या जमिनीत असते चुनखडी. चुनखडीनं सामू वाढतो, त्यामुळे मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचं जड पाणी त्यात भरच घालतं. कुंडीत मिश्रण आपल्या हातात: तांबडी माती, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी. निफाडसारखी कडाक्याची थंडी पडली तर कुंडी भिंतीच्या आडोशाला नेता येते.

त्रास आहे तो उन्हाळ्यात. कुंडी सुकली की कळ्या गळतात, आणि टपोरी कळी गळालेली बघून फार हळहळ वाटते. म्हणून कुंडी निदान १४ इंची घ्या, दोन-तीन वर्षांनी माती बदला. जमिनीत मुरलेला अनंत एवढी देखभाल मागत नाही.