भोसरीतला सीएनसी टर्निंगचा क्लास: पोरं पाठवावीत, पण कधी?

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या जॉबवर्क शॉपमध्ये प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. मालकांनी आमच्या दोन पोरांना जवळच्याच सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथच्या, क्लासला घातलं. संध्याकाळची बॅच, फी साधारण हेल्परच्या महिन्याच्या पगाराएवढी. एक पोरगा वर्षभर मशीनवर उभा राहिलेला, दुसरा आयटीआय करून नुकताच आलेला. फरक तिथेच पडला.

आधी चांगलं सांगते. क्लासमध्ये कारण सांगतात. आमच्या सेटर (मशीन लावून देणाऱ्या) मामांचा हात एकदम पक्का, पण विचारायला जावं तर "असंच असतं रे." फिनिश (गुळगुळीतपणा) येत नसेल तर मामा फीड (दर फेरीला टूल किती सरकतं ते) कमी करायला लावतात, विषय संपला. क्लासच्या सरांनी सूत्र फळ्यावर मांडलं: फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची, म्हणजे टूलच्या टोकाच्या गोलाईची, आठपट. ०.४ मिमी रेडियसच्या इन्सर्टवर (टूलच्या बदलत्या पात्यावर) ०.२ मिमी फीड दिला तर हिशोबानं साडेबारा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) चढउतार राहतात. इन्सर्ट ०.८ चा लावला की तेच निम्मे, फीड आहे तोच. जुन्या पोरानं लगेच बुशच्या जॉबवर (जॉब म्हणजे मशीनवर कातायला लावलेला भाग) हे करून बघितलं. फिनिश आलं आणि सायकल टाइमही (एका जॉबला लागणारा वेळ) वाढला नाही. मामा काही बोलले नाहीत, पण चहाला निघताना त्याला हाक मारली.

नव्या पोरानं तेच सूत्र लांब, बारीक शाफ्टला लावलं. चॅटर, म्हणजे कातताना थरथर, आला. मामा पलीकडच्या मशीनवरून नुसत्या आवाजावर ओरडले, "थांबव आधी!" मोठ्या रेडियसचा दाब जॉबला बाजूला ढकलतो आणि बारीक जॉब थरथरतो, हे क्लासमध्ये सांगितलं होतं म्हणे. पण तिथं सराव बहुतेक सिम्युलेटरवर, आणि सिम्युलेटरवरचा जॉब कधी ओरडत नाही.

मापाचं उलटं झालं. जॉब गार झाल्याशिवाय मायक्रोमीटर लावायचा नाही, हा मामांचा जुना नियम. घाईत कुणी पाळायचं नाही. क्लासमध्ये गणित करून घेतलं: १०० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब १० अंशांनी गरम असेल तर ११-१२ मायक्रॉन मोठा भरतो. आमचा टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) कधीकधी २० मायक्रॉनचा असतो! आता दोघंही थांबतात.

एचआरची मंडळी ७०-२०-१० सांगतात: सत्तर टक्के कामातून, वीस माणसांकडून, दहा वर्गात. तो हिशोब १९८०च्या दशकात अमेरिकेत बड्या अधिकाऱ्यांना तुम्ही कसे शिकलात हे विचारून निघाला. लेथवाल्याला कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे तरी ते दहा टक्के आधीच्या कामावर बसले तेव्हाच उपयोगी पडले.

म्हणून पोरगा निदान सहा-आठ महिने शॉपमध्ये घासला गेला की मगच पाठवा. सर्टिफिकेटसाठी पाठवत असाल तर पैसे मालकाच्या गल्ल्यातच बरे. शिकवणं फानुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या सिस्टीमवर) आहे. तुमच्याकडे सीमेन्स असेल तर आधी विचारून घ्या. आणि बॅच सातला सुरू होते, म्हणजे सेकंड शिफ्टच्या पोरांची सोय तुम्हालाच बघावी लागेल.