हेलिकॉप्टरवर ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी सिस्टिम: आठ महिन्यांनंतर

जुहूच्या आमच्या हँगरमधल्या एका दोन इंजिनी हेलिकॉप्टरवर आठ महिन्यांपूर्वी ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी सिस्टिम, म्हणजे आसपासच्या विमानांची सूचना देणारा डबा, बसवली. बसवणाऱ्यांत मी होतो आणि तेव्हापासून टेक लॉगमधला (हेलिकॉप्टरच्या नोंदवहीतला) तिचा प्रत्येक स्नॅग, म्हणजे बिघाड, माझ्याच टेबलावर येतो. त्यामुळे हा अनुभव उडवणाऱ्याचा कमी, हातात पान्हा असलेल्याचा जास्त.

आधी एक गैरसमज, की हे म्हणजे टीकॅसच. मोठ्या विमानांतलं टीकॅस-२, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा, वैमानिकाला वर चढ, खाली उतर असं थेट सांगतं. १९९६ साली चरखी दादरीवर दोन विमानं टकरून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचं झालं. आमचा डबा तेवढा हुशार नाही. तो १०३० मेगाहर्ट्झवर विचारतो, आसपासच्या विमानांतले ट्रान्सपॉन्डर (विचारलं की आपोआप उत्तर देणारे रेडिओ) १०९० वर उत्तर देतात. उत्तराला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, उंची उत्तरातच असते, दिशा मात्र अँटेना ताडते. मग तो 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ओरडतो. पुढचं काम डोळ्यांचं.

दिशेचं दुखणं हेलिकॉप्टरला जास्त. विमानाची पाठ मोकळी असते, इथे मास्ट (पात्यांचा खांब), इंजिनांची काउलिंग (झाकणं), वर फिरती पाती. आम्ही वरची अँटेना कॉकपिटच्या छतावर पुढे बसवली, त्यामुळे समोरचं छान दिसतं, मागचं मास्टच्या आडोशाला जातं. दिशा आम्ही घड्याळाच्या आकड्यांत सांगतो, बारा म्हणजे नाकासमोर; मागून येणारं विमान कधी पाच वाजता, कधी सात वाजता उड्या मारतं. कॅप्टनमंडळींना सांगून ठेवलंय, उंची आणि अंतर मानायचं, पण दोन वाजता दाखवलं तर एक ते तीन बघायचं.

तिसऱ्या महिन्यात कॅप्टन उतरले ते थेट माझ्याकडे. "अहो, तुमच्या डब्यात भूत शिरलंय. मुंबई हायच्या तेलविहिरींपर्यंत एक विमान आमच्या डोक्यावर बसून आलं." अंतर शून्य, उंचीतला फरक शून्य. म्हणजे डबा आपल्याच हेलिकॉप्टरला बघत होता. आपला ट्रान्सपॉन्डर बोलताना या डब्याने कान मिटावेत म्हणून दोघांत एक सप्रेशनची वायर असते. अर्धा दिवस मोजमाप केलं, शेवटी रॅकमागे हात घालून कनेक्टर चाचपला तर अर्धाच फिरवलेला. कंपनाने सुटत आलेला. खटकन बसवला, भूत गेलं. बसवताना तो कोणी फिरवला होता? मीच.

दुसरा त्रास मिठाचा. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, रोज खारा वारा. सहाव्या महिन्यात पोटाखालची अँटेना उतरवली तर गॅस्केटखाली पांढरी भुकटी, बॉन्डिंगचा, म्हणजे अँटेना आणि धातूच्या अंगामधल्या विद्युत जोडाचा, रोध मर्यादेबाहेर. घासून, साफ करून नवं सीलंट लावलं. आता ती दर तीन महिन्यांनी उघडतो, मॅन्युअल काहीही म्हणो.

जुहूवर मात्र हे यंत्र वैताग आणतं. सांताक्रूझची जेट विमानं इतकी जवळून जातात की उड्डाणाच्या पहिल्या मिनिटातच आरडाओरड सुरू. वैमानिक आवाज बंद करतात आणि समुद्रावर गेल्यावर परत चालू करायला विसरतात. आता तो मुद्दा आम्ही चेकलिस्टमध्येच घातलाय. तेलविहिरींच्या परिसरात शेजारच्या तेलफलाटाच्या डेकवर पाती फिरवत उभं असलेलं हेलिकॉप्टरही ट्रॅफिक म्हणून दिसतं, त्याची सवय होते.

पैसे वसूल कुठे झाले, तर पावसाळ्याच्या तोंडावर परतीच्या वाटेवर. धुरकट हवा, क्षितिजच नाही. पडद्यावर पिवळा गोळा, शेजारी ००, म्हणजे समोरचा आपल्याच उंचीवर. आधी उंची बदलली, नंतर बऱ्याच वेळाने समोरचं हेलिकॉप्टर दिसलं. टेक लॉगमध्ये त्या दिवशी काहीच नोंद नव्हती. कॅप्टननी चहा पिताना सांगितलं.

घारी, चौपाटीवरचे पतंग आणि लग्नाचं शूटिंग करणारे ड्रोन यांच्याकडे ट्रान्सपॉन्डर नसतो. त्यांच्यासाठी काच पुसून ठेवतो.