हृदयासाठीची पूरके आणि डीएनए चाचणी : एका सेवेचे परीक्षण

घरीच घेतलेला लाळेचा नमुना कुरिअरने पाठवला की हृदयासाठी कोणते पूरक घ्यावे याचा अहवाल देणाऱ्या एका कंपनीकडून आम्ही माझ्या मधुमेही, शाकाहारी भावाची चाचणी करून घेतली. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस धरायचा नाही आणि आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, इतक्या स्वच्छ मराठीत सूचना होत्या. अहवालही वेळेत आला.

ओमेगा-३ चे पान सर्वांत चांगले आहे. वनस्पतिज स्निग्धाम्लांचे (तेलातल्या फॅटी ॲसिडांचे) मासळीत असतात तशा लांब साखळीच्या स्निग्धाम्लांत रूपांतर करणाऱ्या एफएडीएस२ जनुकाचा एक कार्यक्षम प्रकार पुण्यातील, प्रामुख्याने शाकाहारी २३४ जणांच्या नमुन्यात ६८ टक्के लोकांत, तर अमेरिकी नमुन्यात १८ टक्के लोकांत दुहेरी, म्हणजे आई व वडील दोघांकडून आलेल्या प्रतींत, आढळला होता. २०१६ मधील हे संशोधन आपल्याला जवळचे आहे. भावाला 'जवस पुरेसा' असा सल्ला मिळाला. मात्र या जनुकापासून बनणारे विकर (एन्झाइम) सूर्यफूल व करडई तेलातल्या ओमेगा-६ वरही काम करते, म्हणजे दोन्हींत स्पर्धा होते, त्यामुळे घरात कोणते तेल वापरता हे विचारल्याविना दिलेला हा सल्ला अर्धवट राहतो.

व्हिटॅमिन ईच्या पानाबाबत माझी गंभीर तक्रार आहे. साडेनऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या वैद्यकीय प्रयोगात या जीवनसत्त्वाचा हृदयाला फायदा दिसला नाही. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इस्रायलमधील संशोधकांनी हॅप्टोग्लोबिन या रक्तातील प्रथिनाच्या जनुकाचा २-२ प्रकार असलेल्या, ५५ वर्षे व त्यावरील १,४३४ मधुमेहींना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई किंवा निष्क्रिय गोळी दिली, तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ४.७, तर व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत २.२ टक्के आढळले. भावासाठी विचारण्यासारखा प्रश्न नेमका हाच होता. अहवालात हॅप्टोग्लोबिनचा उल्लेखही नाही, तरी 'घ्यावे' असे हिरवे चिन्ह आहे. फोनवरच्या समुपदेशक ताईंनी प्रांजळपणे सांगितले की, हॅप्टोग्लोबिनचा तो फरक डीएनएच्या एका अक्षराचा नसून जनुकाचा एक तुकडाच दुबार झाल्याचा असतो आणि नमुना तपासणाऱ्या त्यांच्या चिपवर तो वाचता येत नाही. मग ते चिन्ह तिथे असायलाच नको होते.

फिश ऑइलचा रक्तातील चरबीवरचा परिणाम जनुकांनुसार बदलतो, असे सांगणारा, ब्रिटनच्या बायोबँकेतील (लोकांच्या आरोग्य व जनुकांच्या मोठ्या नोंदसंग्रहातील) माहितीवर आधारलेला २०२१ चा अभ्यास त्यांनी दिला आहे. पण भावाच्या ट्रायग्लिसराइडचा (रक्तातील चरबीच्या एका प्रकाराचा) आकडा कुठेच मागितलेला नाही.

ज्यांना आपल्या डीएनएची कच्ची माहिती डॉक्टरांना दाखवायची आहे, त्यांनी ही चाचणी जरूर करावी. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी मात्र या अहवालावरून व्हिटॅमिन ई सुरू करू नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि चालू औषधांची विचारणा अर्जात कुठेच नाही.